गडचिरोलीला बदली : नियमात नसलेल्या शिक्षेचा इतिहास

सरकारी नोकराला कोणकोणत्या शिक्षा देता येतात याची यादी महाराष्ट्रात छापील आहे. नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मध्ये ती दिली आहे : ठपका, पदोन्नती किंवा वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली, खालच्या पदावर आणणे, सक्तीची निवृत्ती, सेवेतून काढणे आणि बडतर्फी. या यादीत बदली कुठेच नाही. सर्वोच्च न्यायालयाने तर २००८ साली सोमेश तिवारी प्रकरणात स्पष्टच सांगितले, की शिक्षेऐवजी काढलेला बदलीचा आदेश बेकायदा ठरतो. असे असूनही मराठी मुलखातल्या फौजदाराला, तहसीलदाराला, अभियंत्याला यादीतल्या कुठल्याही शिक्षेआधी आठवते ती यादीबाहेरचीच. ‘फार शहाणपणा केलास तर गडचिरोलीला पाठवीन,’ हे वाक्य पुढाऱ्याच्या तोंडी असते, साहेबाच्या तोंडी असते, आणि ऐकणाऱ्याला त्याचा अर्थ विचारावा लागत नाही. जंगल, मलेरिया आणि नक्षलवाद यांतून ही धमकी आपोआप उपजली, असे सर्रास मानले जाते. अहेरी आणि सिरोंचा या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा दीडशे वर्षांचा इतिहास पाहिला तर ते पटत नाही. एका यंत्रणेला नियमपुस्तकात नसलेली शिक्षा हवी होती. जिल्ह्याने तिला फक्त नाव पुरवले.

गावाच्या नावाची शिक्षा होणे ही काही मराठीचीच करणी नव्हे. एखाद्याशी सगळ्यांनी मिळून बोलणे टाकले, की इंग्रज त्याला ‘कव्हेंट्रीला पाठवला’ असे म्हणतात. या प्रयोगाच्या उगमाच्या दोन हकिगती सांगितल्या जातात. सतराव्या शतकातल्या इंग्लंडच्या यादवीत कव्हेंट्री हे पार्लमेंटच्या बाजूचे शहर होते. बर्मिंगहॅमच्या लोकांनी राजाचे शिपाई पकडून कव्हेंट्रीला पाठवल्याची नोंद क्लॅरेंडनने आपल्या इतिहासात केली आहे. पहिली हकिगत तिच्यावर उभी आहे. दुसरी अशी, की कव्हेंट्रीच्या नागरिकांना सैनिकांचे वावडे होते आणि तिथे छावणी पडलेल्या शिपायाशी गावात कोणी बोलत नसे. दोन्ही हकिगती शहराच्या स्वभावावर बोट ठेवतात. पण १८११ सालच्या ग्रोजच्या बोलभाषा-कोशात या प्रयोगाचा अर्थ दिला आहे तो लष्करी अधिकाऱ्यांच्या खानावळीतला. चिडखोर किंवा अनुचित वागणाऱ्या सहकाऱ्याला बाकीचे अधिकारी ही शिक्षा देत. कोर्टमार्शल करण्याजोगा गुन्हा नाही, पण अद्दल तर घडवायची आहे, अशा वेळी ती उपयोगी पडे. कव्हेंट्री शहर त्या खानावळीपासून शेकडो मैल दूर असले तरी काही बिघडत नव्हते.

फ्रान्सचे उदाहरण आपल्याला अधिक जवळचे आहे. १९१४ साली महायुद्धाच्या पहिल्या महिन्यांत सरसेनापती जोफ्रने शंभराहून अधिक सेनानींना आघाडीवरून दूर केले. त्यांना बडतर्फ करायचे तर चौकशी आली, बदनामी आली, राजकारण आले. म्हणून आघाडीपासून लांब असलेल्या लिमोजच्या लष्करी विभागाकडे त्यांची रवानगी करण्याची सोय काढली गेली. प्रत्यक्षात थोडेच तिथे पोहोचले, पण ‘लिमोजे’ हे क्रियापद फ्रेंचमध्ये कायमचे रुजले आणि आज त्याचा अर्थ पदावरून उडवणे एवढाच उरला आहे. लिमोज हे चिनी मातीच्या भांड्यांसाठी नावाजलेले, चांगले नांदते शहर. तिथे ना दलदल ना ताप. शिक्षेचे नाव होण्यासाठी जागा वाईटच असावी लागते, असे नाही, हे एवढ्यावरून ठरते. ती केंद्रापासून दूर असावी लागते, आणि केंद्राला उघडपणे न देता येणारी शिक्षा द्यायची असावी लागते. याच्या उलट ‘काळे पाणी’ पाहा. अंदमानात बंदिवानांची वसाहत १८५८ साली उभी राहिली आणि भारतीय दंडसंहितेत हद्दपारीची शिक्षा कलमानिशी होती. १९५५ च्या दुरुस्तीने ती गेली आणि तिच्या जागी जन्मठेप आली. काळ्या पाण्याला न्यायाधीश होता, मुदत होती, अपील होते. गडचिरोलीच्या बदलीला लोक काळे पाणी म्हणतात तेव्हा एका उघड शिक्षेचे नाव दुसऱ्या छुप्या शिक्षेला देत असतात.

आता अहेरीकडे येऊ. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) गोंड राजघराण्याशी नाते सांगणाऱ्या आत्राम घराण्याची अहेरीची जमीनदारी ही चांदा जिल्ह्यातली सर्वांत मोठी होती. तिचा विस्तार अडीच हजार चौरस मैलांच्या वर होता. चांद्याचे गोंड राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि १८५४ मध्ये ते इंग्रजांच्या हाती आले, तरी अहेरीच्या जंगलात राज्यकर्त्यांचे पगारी नोकर जवळजवळ नव्हतेच. जमीनदार नाममात्र टाकोळी (खंडणी) भरत. गावांचा बंदोबस्त, न्याय आणि वसुली त्यांची माणसे पाहत. जिथे पगारी संवर्ग नाही तिथे बदली नाही, आणि बदली नाही तिथे बदलीची धमकीही नाही. उलट आसपासच्या गोंड, माडिया आणि तेलुगूभाषक गावांसाठी अहेरी हेच केंद्र होते. अहेरीच्या राजवाड्यातला दसरा आजही त्या जुन्या दरबाराची आठवण देतो. माणसे तिथे हजेरी द्यायला, मान घ्यायला जात. अहेरीला जावे लागणे ही नामुष्की आहे, असे म्हणणारा त्या काळी या मुलखात सापडला नसता.

यावर कोणी १८५८ चे उदाहरण पुढे करील. त्या वर्षी मोलमपल्लीचे बाबुराव शेडमाके यांनी गोंड, माडिया आणि रोहिले जमवून इंग्रजांविरुद्ध उठाव केला, अडपल्ली-घोटचे व्यंकटराव त्यांना येऊन मिळाले, आणि २९ एप्रिलच्या रात्री प्राणहितेच्या काठी चुंचगुंडीला तारखात्याच्या तळावर हल्ला होऊन गार्टलँड आणि हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्या मदतीने शेडमाके पकडले गेले आणि २१ ऑक्टोबरला चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी झाली. परक्या नोकराला हा मुलूख पहिल्यापासूनच जीवघेणा होता, असा अर्थ यातून काढता येईल. तो खराही आहे. पण धोका आणि शिक्षा या दोन गोष्टी आहेत. तारखात्याची ती माणसे नव्या तारमार्गाच्या कामावर होती. कोणाचा राग ओढवून घेतला म्हणून त्यांना तिथे धाडले नव्हते. त्यानंतरच्या घडामोडी तर हा फरक अधिकच ठळक करतात. १८६० साली निजामाकडून गोदावरीच्या डाव्या तीरावरचे तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे अप्पर गोदावरी नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे मुख्य ठाणे झाले. गोदावरीतून जहाजे चालवून वऱ्हाड-नागपूरचा कापूस थेट पूर्व किनाऱ्याला न्यायचा, अशी अभियंते आर्थर कॉटन यांची योजना तेव्हा जोरात होती. सिरोंच्याचे डेप्युटी कमिशनर ग्लासफर्ड यांनी १८६२ मध्ये बस्तरवर लिहिलेला अहवाल अभ्यासक आजही वापरतात. सिरोंचा तालुक्यातले ग्लासफर्डपेठा हे गाव त्यांचेच नाव सांगते. तेव्हा रस्ता नव्हता, पूल नव्हते, हिवतापावर आजच्यासारखी औषधे नव्हती. तरीही ते ठाणे एका मोठ्या योजनेच्या वाटेवरचे होते. १८७१ मध्ये जलवाहतुकीची योजना सोडून देण्यात आली, १८७४ मध्ये जिल्हा मोडून सिरोंचा चांद्याला जोडला गेला, आणि वाटेवरचे ठाणे टोकाचे ठाणे झाले. जंगल होते तेच राहिले, बदलला तो सरकारचा हेतू.

धमकी घडायला लागणारे साहित्य १९५१ नंतरच्या तीस वर्षांत एकेक करून जमले. १९५१ मध्ये, हा मुलूख तेव्हा ज्यात होता त्या मध्य प्रदेशात, जमीनदाऱ्या संपल्या आणि अहेरीच्या सगळ्या गावांची जबाबदारी एकदम सरकारवर आली. आलापल्लीच्या सागवानामुळे वनखाते तिथे आधीपासून होते, आता महसूल, पोलीस, शाळा, दवाखाने सगळ्यांसाठीच माणसे लागू लागली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि या मुलखाची राजधानी नागपूरहून उठून हजार किलोमीटरांवरच्या समुद्रकाठी गेली. ही घटना मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जुन्या मध्य प्रांतात मंडला होते, बालाघाट होते, बस्तर शेजारी होते. रानातले जिल्हे इतके होते की त्यातल्या एकाचे नाव वेगळे घेण्याचे कारण नव्हते. पुणे-मुंबईकडे पाहणाऱ्या नव्या राज्यात मात्र असे टोक एकच उरले. राज्याच्या ऐक्याचा घोष ‘चांदा ते बांदा’ या यमकात बांधला गेला तोही चांद्यालाच थांबला. चांद्याच्या पुढे अहेरी, अहेरीच्या पुढे सिरोंचा, हा दोनशे किलोमीटरचा मुलूख त्या यमकाच्या बाहेर राहिला. काही वर्षांपूर्वी राज्य सरकारने याच नावाची विकासयोजना काढली तेव्हा ती चंद्रपूर आणि सिंधुदुर्ग या दोन जिल्ह्यांसाठी होती. गडचिरोली तिच्यात नव्हता. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूरमधून गडचिरोली वेगळा झाला, आणि टोकाला स्वतःचे नाव, स्वतःचे जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक आणि भरण्यासाठी शेकडो पदे मिळाली. पगारी संवर्ग, दूरची राजधानी, रिकामी पदे आणि जिभेवर सहज बसणारे एक नाव, एवढे जुळल्यावर धमकी तयार झाली.

ही धमकी चालते कशी, ते आस्थापना शाखेत काम केलेल्या कोणालाही ठाऊक असते. तलाठी, ग्रामसेवक, प्राथमिक शिक्षक यांची नेमणूक जिल्हा पातळीवरची. पुण्याच्या तलाठ्याला कोणी सहजासहजी गडचिरोलीला पाठवू शकत नाही. धमकीचा खरा रोख राज्य संवर्गातल्या माणसांवर असतो : फौजदार, तहसीलदार, अभियंता, वैद्यकीय अधिकारी, वनाधिकारी. आदेश निघतो, मग तो फिरवण्याची धावपळ सुरू होते. ज्याचा वशिला आहे त्याचा आदेश रद्द होतो. ज्याचा थोडा कमी आहे तो वैद्यकीय रजा टाकतो किंवा प्रतिनियुक्ती मिळवून नावापुरता गडचिरोलीत राहतो. ज्याचा अजिबात नाही तो रुजू होतो. म्हणजे ही बदली खरे तर वशिल्याचे माप आहे. म्हणूनच तिला एक दुसरा, मानाचा अर्थही चिकटला आहे. कोणाचे तरी बेकायदा काम अडवल्याबद्दल इथे धाडलेला अधिकारी गावोगाव आदराने ओळखला जातो. पण यंत्रणेचा तोटा दोन्हीकडून होतो. नाराज माणूस दिवस मोजतो, रिकाम्या खुर्चीचा कार्यभार शेजारच्यावर पडतो, मुख्यालयी राहण्याचा नियम कागदावर राहतो, आणि मग ‘तिकडे काही चालतच नाही’ हा धमकीचा आधार पुन्हा पक्का होतो. जिल्ह्याच्या आतही हाच नमुना लहान प्रमाणात गिरवला जातो. ज्यांना जिल्ह्याबाहेर जायचेच नाही त्यांच्यासाठी तीच भाषा भामरागडकडे, एटापल्लीकडे, सिरोंच्याकडे बोट दाखवते. जंगलाचे भय हेच मूळ कारण असते तर जंगलात जन्मलेल्यांमध्ये ही भाषा रुजायला नको होती.

या मांडणीवरचा पहिला आक्षेप वास्तवाचा आहे, आणि तो हलक्यात घेण्याजोगा नाही. चौदा हजार चौरस किलोमीटरांहून मोठ्या या जिल्ह्याचा तीन चतुर्थांशाहून अधिक भाग वनाखाली आहे. रेल्वेचे स्थानक उत्तर टोकाला, वडशाला. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. राज्यातल्या मलेरियाचा मोठा वाटा वर्षानुवर्षे याच जिल्ह्यातून येत आला. अशा ठिकाणी जायला माणूस कचरला तर त्याला दोष का द्यावा? दोष द्यायचे कारणच नाही. पण खडतर नोकरी आणि शिक्षेची नोकरी यांत फरक आहे, आणि तो भागात नसून पाठवण्याच्या रीतीत आहे. लष्करात सियाचीनची नेमणूक कोणी शिक्षा मानत नाही, कारण तिथे जाण्याचा क्रम ठरलेला असतो, परत येण्याची हमी असते आणि परतणाऱ्याचा मान वाढतो. १९७३ मध्ये बाबा आमटे यांनी हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू केला आणि डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे वीजही नसलेल्या त्या जागी राहिले. १९८६ पासून डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांचे ‘सर्च’ गडचिरोलीत काम करते आहे आणि नवजात बाळांच्या घरच्या घरी काळजीविषयीचा तिथला अभ्यास १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आला. अशी माणसे अपवादात्मक असतात आणि अपवादावर प्रशासन चालत नाही, हे मान्य. मात्र स्वेच्छेने आलेल्याच्या हातून काय होते आणि हाकलून दिलेल्याच्या हातून काय होते, हे ताडून पाहायला हा जिल्हा पुरेसा आहे.

दुसरा आक्षेप असा, की धमकीचा खरा जनक नक्षलवाद आहे. तारखा त्याच्या बाजूने बोलतात असे वरवर दिसते. नोव्हेंबर १९८० मध्ये पेद्दी शंकर हा नक्षलवादी कार्यकर्ता सिरोंचा तालुक्यात मोयाबीनपेठ्याला पोलिसांच्या गोळीने मेला, तेव्हा चळवळ गोदावरी ओलांडून आली होती. जिल्हा त्यानंतर दोनच वर्षांनी झाला. २००९ या एका वर्षात मरकेगाव, हत्तीगोटा आणि लाहेरी इथे अनुक्रमे १५, १६ आणि १७ पोलीस मारले गेले. मे २०१९ मध्ये जांभुळखेड्याला सुरुंगाच्या स्फोटात पंधरा जवान आणि त्यांचा चालक गेला. भीतीला आधार नव्हता असे कोणी म्हणणार नाही. पण या बंदुकीसमोर सर्वांत पुढे कोण उभे होते? १९९० मध्ये उभारलेल्या सी-६० या पोलीस दलात प्रामुख्याने इथलेच, गोंडी आणि माडिया बोलणारे तरुण आहेत. मरणाचा धोका ज्यांनी सर्वांत जास्त सोसला त्यांची इथे बदली झालेली नव्हती. ते इथेच भरती झाले होते. उलट ज्या पोलीस खात्याला सर्वाधिक धोका होता त्यानेच इथल्या नेमणुकीचा अर्थ सर्वांत आधी बदलला. थेट भरतीच्या तरुण फौजदारांना सुरुवातीलाच गडचिरोलीत पाठवण्याचा प्रघात पडला आणि इथले पोलीस अधीक्षकपद आता कर्तबगारीची खूण मानले जाते. राजकारणातही तसेच घडले : आर. आर. पाटील यांनी गृहमंत्री असताना या जिल्ह्याचे पालकमंत्रिपद मागून घेतले, पुढे एकनाथ शिंदे यांच्याकडे ते होते, आणि २०२५ मध्ये मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी ते स्वतःकडे ठेवले. ऑक्टोबर २०२५ मध्ये नक्षलवादी नेता मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती याने साठ साथीदारांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. धमकीचे मूळ बंदुकीत असेल तर यापुढे ती आपोआप विरायला हवी. डॉक्टरांच्या आणि अभियंत्यांच्या रिकाम्या जागांवरून तसे होते की नाही ते कळेल.

तिसरा आक्षेप हलकाफुलका आहे : बोलण्याची एक तऱ्हा आहे, ती मनावर का घ्यावी? कव्हेंट्रीच्या नागरिकांना त्या इंग्रजी प्रयोगाचे काही वाटत नाही. इथे तुलना मोडते. कव्हेंट्रीला कोणी खरोखर पाठवत नाही. गडचिरोलीचा आदेश खरोखर निघतो आणि त्याच्या शेवटी अहेरीचे उपजिल्हा रुग्णालय किंवा एटापल्लीचे पंचायत समिती कार्यालय असते. २०११ च्या जनगणनेत या जिल्ह्याची लोकसंख्या १० लाख ७२ हजार ९४२ होती. कर्मचाऱ्याची तीन वर्षांची शिक्षा ती या माणसांच्या आयुष्यभराची सेवा. शिक्षा म्हणून पाठवलेला डॉक्टर मुळात वाईट नसतोही, पण रुग्णाला मिळतो तो निघायची वाट पाहणारा डॉक्टर. राज्याच्या इतर भागांनी नापास ठरवलेले इथे चालते, असा निर्णय कोणत्याही मंत्रिमंडळाने घेतला नव्हता. त्या धमकीने तो दर वेळी नव्याने घेतला.

सरकारला हे कळत नव्हते असेही नाही. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयाने आदिवासी आणि नक्षलग्रस्त क्षेत्रात काम करणाऱ्यांना प्रोत्साहन भत्ता आणि एकस्तर वेतनश्रेणी दिली. २००५ च्या बदली कायद्याने साधारण तीन वर्षांचा कार्यकाल ठरवला. २०१० पासून विभागवाटपाचे नियम आले, जेणेकरून विदर्भातली पदे रिकामी राहू नयेत. ९ जून २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेने अनुसूचित क्षेत्रातली तलाठी, ग्रामसेवक, शिक्षक, परिचारिका यांसारखी पदे स्थानिक आदिवासी उमेदवारांसाठी राखली. त्यावर इतर समाजांचा आक्षेप आला आणि प्रकरण न्यायालयांत गेले. यांतल्या भत्त्यांविषयी माझी एक हरकत आहे. भत्ता हा गैरसोयीचा मोबदला असतो. ज्याला शिक्षा म्हणून धाडले त्याच्या हाती तो पडला की शिक्षेचा जाच थोडा कमी होतो, शिक्षा तशीच राहते. स्थानिक भरतीचा मार्ग मुळाशी जाणारा आहे, कारण अहेरीच्या मुलीला अहेरीत नेमणूक मिळाली तर ती धमकी होऊच शकत नाही. पण तो खालच्या पदांपुरता आहे. शल्यचिकित्सक, कार्यकारी अभियंता, उपविभागीय अधिकारी बाहेरूनच येणार, आणि त्यांच्या बाबतीत सवाल क्रमाचा आहे.

तो क्रम उलटवता येतो. राज्य संवर्गातल्या प्रत्येकाला नोकरीच्या पहिल्या दहा वर्षांत एकदा दक्षिण गडचिरोलीत ठरावीक मुदतीसाठी यावेच लागेल, पुढच्या पदोन्नतीसाठी ती सेवा मोजली जाईल, आणि विभागीय चौकशी चालू असलेल्या किंवा ठपका बसलेल्या कोणालाही इथे नेमता येणार नाही, असा नियम करायला पैसा लागत नाही. यातली शेवटची अट सर्वांत महत्त्वाची. तिच्यामुळे गडचिरोलीचा आदेश हातात पडणे म्हणजे तुमच्या सेवापुस्तकात डाग नाही याचा दाखला ठरेल, आणि कोणी साहेब रागाच्या भरात तो आदेश काढूच शकणार नाही. ज्याला खरोखर शिक्षा द्यायची आहे त्याच्यासाठी १९७९ च्या नियमांतली यादी आहेच. चौकशी करावी, आरोप सिद्ध करावा आणि त्यातली एक निवडावी. हा मार्ग कष्टाचा आहे, म्हणूनच चाळीस वर्षे तो टाळून एका जिल्ह्याचे नाव वापरले गेले.